डॉ. रखमाबाई : नाडीवरचा हात

विद्यार्थी मित्रहो, वैद्यकाचे ग्रंथ कितीही मुखोद्गत केले तरी मनुष्य वैद्य होत नाही. ज्या दिवशी तो रुग्णाच्या खाटेजवळ उभा राहून नाडीवर बोटे ठेवतो, छातीला नळी लावून श्वासाचा ध्वनी ओळखू पाहतो, त्या दिवशी त्याचे खरे शिक्षण सुरू होते. हे शिक्षण मिळविण्यासाठी एका महाराष्ट्रीय स्त्रीला केवढा झगडा करावा लागला आणि पुढे ते तिने सुरत शहराच्या सेवेस कसे वाहिले, हे सुरतेच्या शेजारी राहणाऱ्या आपणां कामरेजकरांस ठाऊक असावयास हवे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. वडील लहानपणीच वारले. पुढे आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. परंतु त्या नांदावयास गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. पण १८८७ मध्ये फासे उलटे पडले. पतिगृही जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली! अखेर १८८८ मध्ये तडजोड होऊन त्या मुक्त झाल्या.

कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने १८८९ मध्ये त्या विलायतेस गेल्या व लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. १८७४ मध्ये निघालेल्या या विद्यालयाच्या विद्यार्थिनींना प्रारंभी रुग्णालयांची दारे बंद होती. ग्रंथ होते, पण रुग्ण नव्हता. १८७७ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयाने त्यांना प्रवेश दिला, तेव्हा कोठे ही उणीव भरून निघाली. तेथेच नाडी मोजणे, ताप पाहणे, जखम बांधणे अशा साध्या गोष्टींपासून विद्यार्थिनींचा हात तयार होई. रखमाबाईंचाही तेथेच झाला. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

१८९५ पासून सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाचा भार त्यांनी उचलला. आता अडचण निराळीच होती. हात तयार होता, पण तो धरावयास कोणी येईना! बाळंतपणासाठी रुग्णालयात जाण्याची बायकांना भीती वाटे. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवून तिथेच तिची सुखरूप सुटका केली व बायकांची भीती घालविली, असे सांगतात. पुढे प्लेगच्या दिवसांतही त्या सेवेपासून ढळल्या नाहीत. वीस वर्षांहून अधिक काळ सुरतेत आणि त्यानंतर राजकोटास त्यांनी रुग्णसेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईस त्यांचे निधन झाले.

मित्रहो, नाडी पाहणे अभ्यासाने येते. पण रुग्णाने विश्वासाने हात पुढे करावा, ही योग्यता मात्र आयुष्य वेचूनच मिळवावी लागते. तुमच्यापैकी जो कोणी उद्या वैद्य होईल, त्याने रखमाबाईंचे हे स्मरण सदैव मनाशी बाळगावे.