विमानांवर ज्याचं नाव झळकतं, त्या लॉकहीडने ब्रेकचं पेडल भरवशाचं केलं होतं

नगरहून कल्याणकडे निघालात की माळशेज घाट लागतो. घाट उतरताना ब्रेकचं पेडल कधी वरच लागतं, तर कधी अचानक खाली जातं, ही तक्रार अनेक ड्रायव्हर करतात. स्पोर्ट्स कार ट्रॅकवर पळवणाऱ्यांना तर ती ठरलेलीच. एका वळणावर पेडल घट्ट, पुढच्या वळणावर थेट खाली. ताशी १५० किलोमीटरच्या वेगात हा फरक जीवावर बेतू शकतो.

पेडल दर वेळी एकाच उंचीवर लागावं, ही अपेक्षा आपल्याला आज साधी वाटते. पण ती शक्य झाली त्यामागे एक माणूस होता. नाव, माल्कम लॉकहीड. हो, लॉकहीड मार्टिन या विमान कंपनीच्या नावातलाच लॉकहीड.

मेकॅनिक पोरगा आणि लाकडी विमान

माल्कम यांचा जन्म १८८० च्या दशकातला, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा. आई फ्लोरा लेखिका आणि पत्रकार. माल्कम मात्र पुस्तकांपेक्षा यंत्रांत रमले आणि सॅन फ्रान्सिस्कोत मोटार मेकॅनिक झाले. धाकटा भाऊ ॲलन याला विमानांचं वेड. दोघांनी मिळून पाण्यावर उतरणारं विमान बनवलं आणि १९१३ च्या जूनमध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरून उडवलं. १९१५ च्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी लोकांकडून पैसे घेऊन त्यांना या विमानातून फिरवून आणलं.

१९१६ मध्ये सांता बार्बरात भावांनी कंपनी काढली. पण पहिलं महायुद्ध संपलं आणि लष्कराची जुनी विमानं बाजारात कवडीमोल भावाने आली. नवं विमान कोण घेणार? १९१९ मध्ये माल्कम यांनी विमानं सोडली आणि मोटारींचं शहर डेट्रॉइट गाठलं. सोबत होती ब्रेकची कल्पना, जिच्या पेटंटवर ते १९१७ पासून काम करत होते.

सळ्यांऐवजी द्रव

त्या काळी ब्रेक सळ्या आणि तारांवर चालायचे. एक तार सैल, दुसरी ताठ. एक चाक आधी धरायचं, दुसरं नंतर, आणि गाडी एका बाजूला ओढली जायची. माल्कम यांनी तारांच्या जागी द्रवाने भरलेल्या नळ्या वापरल्या. बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. त्यामुळे पेडल एकदा दाबलं की चारही चाकांचे ब्रेक सारख्या दाबाने लागायचे.

याच तत्त्वाचा दणका १९२१ च्या जुलैमध्ये दिसला. फ्रान्समधल्या ले मान्सला झालेल्या ग्रां प्रीमध्ये अमेरिकी ड्रायव्हर जिमी मर्फी ड्युसेनबर्ग गाडी घेऊन उतरला होता. गाडीच्या चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. सरावात अपघात होऊन त्याच्या बरगड्यांना मार बसला होता. तरीही शर्यत त्यानेच जिंकली.

पण माल्कम यांच्या ब्रेकला एक जुनाट दुखणं होतं, गळती. आत चामड्याचे कप होते, ते सुकले की द्रव बाहेर आणि पेडल खाली. क्रायस्लर कंपनीच्या इंजिनिअरांनी रबरी कप वापरून हे दुखणं बरंचसं मिटवलं. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक देण्यात आले. फोर्डने मात्र ते स्वीकारायला १९३९ उजाडवलं.

आज पेडल का बदलतं?

आता गाड्यांना डिस्क आल्या, पण तत्त्व तेच. म्हणून दोषही त्याच वाटेने शोधायचा: पायाने ढकललेला द्रव नेमका कुठे जातोय?

- पहिल्यांदा पेडल खाली, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर: पॅड डिस्कपासून मागे ढकलले जात असतील. चाकाच्या बेअरिंगला प्ले असेल किंवा डिस्क वाकडी असेल, तर हे होतं. ट्रॅकवर जोरदार वळण घेतल्यावर किंवा कडेच्या उंचवट्यावर चाक चढल्यावर हमखास जाणवतं. गाडी जॅकवर घेऊन चाक हलवून बघा, डिस्क डायल गेजने तपासून घ्या.
- पेडल स्पंजासारखं मऊ: नळीत हवा आहे किंवा ब्रेक ऑइल उकळलंय. ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे, ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तो १५५ वर येतो. उपाय म्हणजे ऑइल बदला, एअर काढा.
- पाय दाबून धरला तरी पेडल हळूहळू खाली: आधी बाहेर कुठे गळती आहे का बघा. नसेल, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेले असण्याची शक्यता जास्त.
- पेडल घट्ट, पण गाडी थांबत नाही: इथे उंचीचा प्रश्न नाही. बहुतेक पॅड तापलेत.

दोनदा पंप करून ब्रेक लागतोय म्हणजे दुरुस्ती झाली, असं समजू नका. कारण सापडेपर्यंत गाडी ट्रॅकवर नको आणि घाटातही नको.

नाव कुणाचं, गाजलं कुठे?

आता नावाची गंमत. या घराण्याचं आडनाव उच्चारायला लॉकहीड, पण स्पेलिंग असं की लोक लॉगहेड वाचायचे. म्हणून माल्कम यांनी ब्रेकला उच्चाराप्रमाणे सोपं स्पेलिंग दिलं. ब्रेकमुळे ते नाव ओळखीचं झालं आणि १९२६ मध्ये ॲलन यांनी नवी विमान कंपनी काढली तेव्हा तेच वापरलं. माल्कम यांनी १९३२ मध्ये ब्रेकचा धंदा बेंडिक्स कंपनीला विकला. १९५८ मध्ये त्यांचं निधन झालं.

पुढे विमानं जगभर गेली. भारतीय हवाई दलाची सी-१३० जे सुपर हर्क्युलिस विमानंही लॉकहीड मार्टिनचीच. ब्रेकवाला भाऊ मात्र मागे पडला.

आपल्या नगरजवळ वाहननगरात डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे. तिथल्या ट्रॅकवर लष्कराच्या वाहनांबरोबर नागरी वाहनांच्याही चाचण्या होतात. तिथे ब्रेक दाबणाऱ्या ड्रायव्हरचा पाय आणि घाटात एसटी उतरवणाऱ्या ड्रायव्हरचा पाय एकाच गोष्टीवर विसंबून असतो: मघाशी जिथे लागलं, तिथेच पेडल आत्ताही लागेल.