अंथरुणातून कारभार करणारा पंतप्रधान

वडील ट्रकवर असल्यामुळे आमच्या घरी डिझेलच्या भावाची चर्चा पाऊसपाण्याइतकीच नित्याची. पण तेलापायी ज्याने पंतप्रधानपद, स्वातंत्र्य आणि अखेर आपल्या पसंतीची कबरही गमावली, त्या माणसाचे नाव कॉलेजच्या ग्रंथालयात पाऊल टाकेपर्यंत मी ऐकले नव्हते. ते नाव म्हणजे इराणचे डॉ. मोहम्मद मोसादेघ.

त्यांचा जन्म १८८२ साली तेहरानमध्ये झाला. आई कजार राजघराण्यातली, वडील अर्थखात्यात मोठ्या हुद्द्यावर. म्हणजे आमच्यासारख्या घरातला हा मनुष्य नव्हे, हे आधीच सांगून टाकते. पॅरिसला शिकून पुढे स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळवली. १९२५ साली रेझा खान शहा होऊ लागले, तेव्हा संसदेत उभे राहून विरोध करणाऱ्या मोजक्या सभासदांत ते होते. पुढे १९४० साली त्यांना तुरुंगही पाहावा लागला.

आता तेलाकडे वळू. १९०१ साली इराणच्या शहाने डार्सी नावाच्या गृहस्थाला साठ वर्षांचा मक्ता दिला. १९०८ साली तेल लागले आणि १९१४ साली ब्रिटिश सरकारने कंपनीचे निम्म्याहून अधिक भांडवल स्वतःकडे घेतले. इराणच्या वाट्याला नफ्याचे १६ टक्के. तो नफा किती, हे मात्र कंपनीनेच सांगायचे. वह्या दाखवायच्या नाहीत! १९५० साली कंपनीने ब्रिटिश सरकारला भरलेला कर इराणला दिलेल्या रकमेहून कितीतरी मोठा होता. आबादानला तेव्हा जगातला सर्वांत मोठा तेलशुद्धीकरण कारखाना उभा होता. तेथे मुंबईहून भरती करून नेलेले हिंदी कामगारही राबले. इराणी मजुरांच्या एका वस्तीचे नाव होते कागजाबाद. आपल्या ‘कागद’ शब्दाचेच ते नातेवाईक. घरे कसली होती, ते नावावरूनच कळावे.

मार्च १९५१ मध्ये संसदेने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले आणि एप्रिलअखेर मोसादेघ पंतप्रधान झाले. प्रकृती नाजूक, त्यामुळे पुष्कळदा अंथरुणात बसूनच, पायजम्यावर, ते परदेशी वकिलांना भेटत. भाषण करता करता त्यांना रडू येई. पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी त्याची खूप टिंगल केली. पण याच म्हाताऱ्याने न्यूयॉर्कला सुरक्षा समितीपुढे आपली बाजू मांडली. १९५२ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा खटला आपल्या अधिकारात बसत नाही असे ठरवले, आणि त्या न्यायालयातील ब्रिटिश न्यायाधीशांनीही मत इराणच्या बाजूने दिले.

न्यायालयात हरलेल्या ब्रिटनने कोंडी मात्र आधीच सुरू केली होती. इराणला साखर व पोलाद पाठवणे बंद केले, लंडनमधील पैशांवर बंधने घातली, आणि इराणी तेल घेणाऱ्यावर दावे लावण्याची धमकी दिली. ‘रोझ मेरी’ नावाचे तेलवाहू जहाज १९५२ साली एडनला न्यायला लावले. कुवेत, सौदी अरेबिया, इराक यांच्या विहिरी जोरात उपसून मोठ्या कंपन्यांनी बाजारातली तूट भरून काढली. १९५३ साली जपानचे ‘निश्शो मारू’ आबादानहून तेल घेऊन सुखरूप परतले, पण एका जहाजाने काय होणार?

येथे मला माझे आजोबा आठवतात. मापात मारणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्यांनी भर बाजारात जाब विचारला होता. पुढे हंगामभर त्यांचा टोमॅटो कोणीच उचलला नाही. बाजार सगळ्यांसाठी खुला होता, फक्त आजोबांसाठी गिऱ्हाईक नव्हते. आजी अजूनही म्हणते की गप्प बसायला हवे होते. आजोबांचे चुकले असे मला वाटत नाही, पण त्या वर्षी आत्याचे लग्न लांबले, हेही खरेच.

मोसादेघ यांच्याविषयीही माझे मन असेच दोन्हीकडे ओढले जाते. जागतिक बँकेची तडजोड त्यांनी नाकारली. ती पत्करली असती तर? ऑगस्ट १९५३ मध्ये संसद बरखास्त करण्यासाठी त्यांनी सार्वमत घेतले, त्यात ‘होय’ आणि ‘नाही’ची मते टाकण्याच्या जागा वेगवेगळ्या होत्या. आयुष्यभर संसदेसाठी भांडलेल्या माणसाला हे शोभले नाही. अमेरिका आपल्याला मदत करील ही त्यांची आशाही भाबडीच ठरली. आयझेनहॉवर यांनी पैसा नाकारला, आणि तिकडे अमेरिकन व ब्रिटिश हेरखात्यांचा कट शिजत होता. पहिला प्रयत्न फसला, शहा देशाबाहेर पळाले. पण १९ ऑगस्टला मोसादेघ यांच्या घरावर रणगाडे आले. अमेरिकन हेरखात्याने हा आपलाच उद्योग असल्याचे कागदपत्रांतून कबूल केले ते २०१३ साली!

१९५४ च्या नव्या करारात तेलाच्या धंद्यातला ४० टक्के हिस्सा अमेरिकन कंपन्यांकडे गेला. म्हणजे ब्रिटनची मक्तेदारी मोडली खरी, पण इराणच्या हाती नाही.

लष्करी न्यायालयाने मोसादेघ यांना तीन वर्षांची कैद दिली. त्यानंतर अहमदाबाद या आपल्या गावी ते नजरकैदेत राहिले. गुजरातचे नव्हे, तेहरानच्या पश्चिमेचे हे लहानसे खेडे. जुलै १९५२ मध्ये त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरून मेलेल्या लोकांशेजारी आपल्याला पुरावे, एवढीच त्यांची इच्छा होती. ५ मार्च १९६७ रोजी ते वारले. शहाने परवानगी दिली नाही. घरातल्याच जेवणाच्या खोलीची जमीन खणून त्यांना तेथे पुरले.