प्रश्न विचारणाऱ्या रॅथबोनबाई

कचेरीत अर्ज घेऊन गेलेल्या बाईला काय उत्तर मिळते, हे आपल्या मंडळातील भगिनींना सांगावयास नको. पाहू, करू, साहेब आल्यावर विचारू. तोंडी विचारलेल्या गोष्टीला तोंडी उत्तर मिळते आणि दोन्ही वाऱ्यावर जातात. नळाचे पाणी असो, रेशनचे धान्य असो, की एखाद्या विधवेचे अडलेले पैसे असोत, अनुभव सगळीकडे सारखाच. पण प्रश्न कागदावर उतरला, त्याखाली नाव आले आणि उत्तर देण्याची जबाबदारी एका विशिष्ट माणसावर पडली, की तेच दप्तर हलू लागते. ही साधी गोष्ट ओळखून ब्रिटिश पार्लमेंटात सोळा वर्षे सरकारी खात्यांना जागे ठेवणाऱ्या एका स्त्रीचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावेसे वाटते. त्यांचे नाव एलिनॉर रॅथबोन.

एलिनॉर यांचा जन्म १२ मे १८७२ रोजी लंडनमध्ये झाला, पण घराणे लिव्हरपूलचे. व्यापारात पैसा मिळवावा आणि त्याचा वाटा लोकांच्या कामी लावावा, अशी या घराण्याची पिढीजात रीत होती. वडील विल्यम रॅथबोन पार्लमेंटचे सभासद होते. पहिल्या पत्नीच्या आजारपणात घरी ठेवलेल्या परिचारिकेचे काम पाहून त्यांच्या मनात आले, की श्रीमंताघरी मिळणारी ही शुश्रूषा गरिबाला का मिळू नये? त्या विचारातून, आणि पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या साहाय्याने, लिव्हरपुलात घरोघर जाऊन गरिबांची सेवा करणाऱ्या परिचारिकांची व्यवस्था उभी राहिली. अशा वातावरणात मुलगी वाढली.

१८९३ साली एलिनॉर ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात गेल्या आणि तीन वर्षे त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. परीक्षा दिली तरी पदवी मिळाली नाही, कारण त्या काळी ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवी देतच नसे. ती दारे १९२० साली उघडली.

शिक्षण संपवून त्या लिव्हरपूलला परतल्या आणि गरीब वस्त्यांत हिंडू लागल्या. तेथील गोदीत मजुराला रोजचे काम मिळेलच याची शाश्वती नसे. आज मिळाले, उद्या नाही. वडिलांच्या इच्छेनुसार या गोदी कामगारांची चौकशी त्यांनी हाती घेतली. १९०२ साली वडील वारले, तरी त्यांनी ती तडीस नेली. पुढे मजुरांच्या घरखर्चाचे हिशेबच गोळा केले. आठवड्याला हाती किती आले, भाडे किती, भाकरीला किती गेले, गहाण काय पडले. संसार करणाऱ्या बाईला हे आकडे तोंडपाठ असतात, पण ते कोणी लिहून घेतलेले नव्हते. तक्रार करण्याआधी मोजावे, ही शिकवण त्यांना येथे मिळाली आणि ती जन्मभर पुरली.

१९०९ साली त्या लिव्हरपूल नगरपालिकेवर निवडून आल्या. त्या सभागृहातील त्या पहिल्या स्त्री सभासद. कोणत्याही पक्षाचे तिकीट न घेता त्या उभ्या राहिल्या होत्या, आणि पुढेही जन्मभर अपक्षच राहिल्या. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा आघाडीवर गेलेल्या सैनिकांच्या कुटुंबांना भत्ता पोहोचविण्याचे काम त्यांनी पत्करले. त्या भत्त्याची रक्कम थेट पत्नीच्या हाती पडे. परिणाम त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पैसा आईच्या हाती आला, की तो मुलांच्या ताटात उतरतो. मूल वाढविणाऱ्या आईला तिच्या स्वतःच्या नावाने भत्ता मिळावा, हा विचार त्यांच्या मनात येथेच पक्का झाला. १९२४ साली त्यावर त्यांनी एक मोठा ग्रंथ लिहिला.

१९१८ साली ब्रिटनमध्ये तीस वर्षांवरील काही स्त्रियांना मत मिळाले. दुसऱ्या वर्षी मिलिसेंट फॉसेट यांच्या मागून रॅथबोनबाई स्त्री-मताधिकार चळवळीच्या प्रमुख संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. १९२२ साली त्या पार्लमेंटसाठी उभ्या राहिल्या आणि पडल्या. १९२९ साली मात्र इंग्लंडातील विद्यापीठांच्या संयुक्त मतदारसंघातून निवडून आल्या. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते.

कॉमन्स सभेत सहाशेंहून अधिक सभासद. त्यांत ही एकटी अपक्ष बाई. मागे पक्ष नाही, पुढे मंत्रिपदाची आशा नाही. भाषणाची संधी केव्हा मिळेल याचा नेम नाही. पण प्रश्न विचारण्याचा हक्क पंतप्रधानाच्या पक्षातील सभासदाला जेवढा, तेवढाच त्यांनाही होता. त्यांनी तोच हाती धरला.

या प्रश्नांची रीत भगिनींनी समजून घेण्यासारखी आहे. सभासद आपला प्रश्न लिहून सभागृहाच्या कचेरीत देतो. तो कामकाजाच्या पत्रिकेवर त्याच्या नावासह छापला जातो. त्या काळी प्रश्नावर तारा असला, तर मंत्र्याने सभागृहात उभे राहून उत्तर द्यावयाचे, आणि त्यावर पुरवणी प्रश्नही विचारता येत. तारा नसला, तर उत्तर लेखी येई. दोन्ही प्रकारची उत्तरे सभेच्या अधिकृत वृत्तान्तात छापून कायमची राहत.

आता खरी गंमत येथे आहे. मंत्र्याला स्वतःला उत्तर ठाऊक असतेच असे नाही. प्रश्न खाली खात्यात जातो. कोणी तरी फाईल काढतो, कोणी टिपण लिहितो, वरचा अधिकारी ते तपासतो. वर्षभर धूळ खात पडलेला कागद त्या दिवशी चार हातांखालून जातो. पुष्कळदा उत्तर देण्याची वेळ येण्याआधीच काम उरकून टाकलेले असते, कारण झाले नाही असे सांगण्यापेक्षा झाले असे सांगणे खात्यालाही बरे वाटते. आणि उत्तर एकदा छापले गेले, की पुढचा प्रश्न तेथूनच सुरू करता येतो.

मात्र प्रश्न नेमका हवा. अमुक लोकांसाठी सरकार काय करीत आहे असे विचारले, तर सहानुभूतीने विचार चालू आहे असे उत्तर येते. अमुक महिन्यापासून किती अर्ज आले, किती निकालात निघाले आणि किती पडून आहेत असे विचारले, तर आकडा द्यावा लागतो. गोदी कामगारांचे हिशेब गोळा केलेल्या बाईंना हे निराळे शिकवावे लागले नाही.

येथे त्यांच्या एका चुकीविषयीही लिहिले पाहिजे, कारण ती आपल्या देशाशी निगडित आहे. कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईचे हिंदुस्थानावरील पुस्तक १९२७ साली निघाले. ते वाचून रॅथबोनबाई हादरल्या आणि १९२९ साली हिंदी स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यांनी लंडनमध्ये एक परिषद भरविली. व्यासपीठावर बहुतेक इंग्रज मंडळीच होती. सभेत बसलेल्या धन्वंती रामा राव यांनी उठून त्याला उघड हरकत घेतली. हिंदी स्त्रिया आपले काम स्वतः करीत आहेत, त्यांच्या वतीने दुसऱ्यांनी बोलू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी आपल्याकडे सारडा कायदा मंजूर झाला आणि मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा ठरले. रॅथबोनबाई पुढे १९३२ साली हिंदुस्थानात येऊन येथील स्त्री-कार्यकर्त्यांना भेटल्या. बालविवाहाच्या कायद्याची अंमलबजावणी नीट होत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण परक्या राज्यकर्त्यांचा सूर त्यांच्या बोलण्यातून पुरता गेला नाही. १९४१ साली हिंदी नेत्यांना दोष देणारे अनावृत पत्र त्यांनी लिहिले, तेव्हा रुग्णशय्येवरून रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला कडक उत्तर दिले. दुसऱ्यासाठी प्रश्न विचारावयाचा, तर आधी त्या दुसऱ्यालाच विचारावे लागते, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

जेथे त्यांनी तसे विचारले, तेथे त्यांचे काम फार मोठे झाले. १९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू व इतर विरोधक देश सोडून पळू लागले. ब्रिटनमध्ये प्रवेश मिळण्यास व्हिसा हवा, आणि व्हिसाचे अर्ज कचेऱ्यांत साचत होते. १९३८ साली म्युनिकचा करार झाल्यावर चेकोस्लोव्हाकियातील लोकांवरही तीच पाळी आली. रॅथबोनबाईंनी पार्लमेंटातील सभासदांची एक निर्वासित समिती स्थापन केली. १९३९ च्या आरंभी त्या स्वतः प्रागला जाऊन आल्या. शेकडो लोकांची पत्रे त्यांच्याकडे येत. कोणाचा नवरा तुरुंगात, कोणाची आई सीमेवर अडकलेली. त्या पत्रांतूनच प्रश्न तयार होत. खात्याच्या दृष्टीने ते अर्ज होते. बाईंच्या दृष्टीने ती माणसे होती.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि ब्रिटनमध्ये भीतीची लाट उसळली. हिटलरपासून पळून आलेल्या लोकांनाच शत्रुदेशाचे नागरिक म्हणून पकडण्यात आले. सुमारे सत्तावीस हजार माणसे स्थानबद्ध झाली. त्यांत डॉक्टर होते, प्राध्यापक होते, काही हजार स्त्रियाही होत्या. नवरा एका छावणीत, बायको दुसऱ्या छावणीत, आणि पत्र पोहोचावयास कित्येक आठवडे. २ जुलै १९४० रोजी अशा स्थानबद्धांना कॅनडाकडे नेणारे आरांडोरा स्टार हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडविले. आठशेंहून अधिक माणसे मेली. जहाजावर नेमके कोण होते याची धड यादीसुद्धा नव्हती.

रॅथबोनबाईंनी लिव्हरपूलजवळच्या हायटन छावणीला भेट दिली, माहिती गोळा केली आणि सभागृहात प्रश्नांचा भडिमार सुरू केला. पकडणारे गृहखाते, छावण्या सांभाळणारे युद्धखाते, आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखविणारे. पण प्रश्नाला कोणा तरी एका मंत्र्याने उत्तर द्यावेच लागते. इतर सभासदही या कामी पुढे आले. जुलैच्या अखेरीस सरकारने कोणाकोणाला सोडता येईल याचे वर्ग जाहीर केले, ऑगस्टमध्ये छावण्यांचा कारभार गृहखात्याकडे आला, आणि पुढच्या वर्षभरात बहुतेक लोक सुटले. हे एकट्या बाईंचे यश नव्हे. पण त्यांना निर्वासितांच्या सभासद असे नाव पडले ते उगीच नव्हे. त्या येताना दिसल्या, की अधिकारी खांबाआड होत, असे सांगतात.

प्रश्नाने सगळेच साधते असे मात्र नाही. १७ डिसेंबर १९४२ रोजी ज्यू लोकांच्या कत्तलीची हकीकत सरकारने कॉमन्स सभेत जाहीर केली आणि सभागृह स्तब्ध उभे राहिले. उभे राहून झाल्यावर पुढे काय, असे बाई विचारीत राहिल्या. १९४३ साली त्यांनी बचावासाठी एक राष्ट्रीय समिती उभारण्यात पुढाकार घेतला, उपायांची यादी दिली, पत्रक लिहिले. युद्ध जिंकणे हाच खरा उपाय, असे सरकारचे ठरीव उत्तर येत राहिले. त्यांना हवे होते त्याच्या अंशानेही घडले नाही, आणि ते दुःख त्यांच्याबरोबरच गेले. तरीही ती उत्तरे छापील वृत्तान्तात आहेत. कोणी विचारले होते आणि कोणी टाळले होते, हे आजही वाचता येते.

त्यांच्या जन्माचे काम अखेरीस फळाला आले. १९४५ साली कुटुंब-भत्त्याचा कायदा आला. पण मसुद्यात भत्ता बापाच्या नावाने होता. पंचवीस वर्षे ज्यासाठी झगडल्या, त्याच विधेयकाविरुद्ध मत देण्याची तयारी बाईंनी दाखविली. सभासद त्यांच्या बाजूने झाले, सरकारने माघार घेतली आणि भत्ता आईच्या नावाने झाला. दुसऱ्या मुलापासून दर मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग. ऑगस्ट १९४६ मध्ये पहिला भत्ता मातांच्या हाती पडला. तो पाहावयास रॅथबोनबाई नव्हत्या. २ जानेवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले होते.

आपल्या लोकसभेत आणि विधानसभेतही तारांकित व अतारांकित प्रश्नांची हीच रीत चालत आली आहे. आपल्या भागातील आमदाराने कोणते प्रश्न विचारले, हे पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. आणि २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने तर सरकारी कचेरीला लेखी प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. तेव्हा भगिनींनो, पुढच्या वेळी कचेरीची पायरी चढताना प्रश्न लिहून न्यावा, तो नेमका असावा, त्यावर तारीख असावी, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये. उत्तर आले नाही, तर दुसरा प्रश्न लिहावा. रॅथबोनबाईंनी याहून निराळे काही केले नाही.