विल्यम ऑस्लर

सर विल्यम ऑस्लर (१२ जुलै, इ.स. १८४९ - २९ डिसेंबर, इ.स. १९१९) हे कॅनडात जन्मलेले वैद्य, विकृतिशास्त्रज्ञ आणि वैद्यकशास्त्राचे अध्यापक होते. विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खाटेजवळ नेऊन शिकवण्याच्या पद्धतीसाठी ते प्रसिद्ध आहेत. झोपेत श्वास अडणाऱ्या मुलांचे त्यांनी केलेले वर्णन मात्र तुलनेने कमी परिचित आहे. या विकाराला आज स्लीप ॲप्निया म्हणतात.

जीवन

ऑस्लर यांचा जन्म बाँड हेड या गावी झाला. वडील अँग्लिकन धर्मोपदेशक होते आणि विल्यम यांनीही आधी धर्मसेवेचाच मार्ग धरला होता, परंतु इ.स. १८६८मध्ये ते वैद्यकाकडे वळले. इ.स. १८७२मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाची पदवी घेऊन ते युरोपात गेले. लंडनमध्ये त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातील प्लेटलेट पेशींचा अभ्यास केला. परतल्यावर मॅकगिलमध्ये अध्यापन करताना त्यांनी शेकडो शवविच्छेदने केली. जिवंतपणी पाहिलेली लक्षणे मृत्यूनंतर अवयवांत पडताळण्याची सवय त्यांना येथे लागली.

इ.स. १८८४मध्ये ते फिलाडेल्फियाला आणि इ.स. १८८९मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुख्य वैद्य म्हणून गेले. इ.स. १८९२मध्ये त्यांचा ग्रेस रेव्हियर ग्रॉस यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी त्यांचे वैद्यकशास्त्राची तत्त्वे आणि व्यवहार यांवरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. ते इंग्रजी जगतात अनेक दशके वापरात होते.

झोपेतील श्वासाचे वर्णन

या पाठ्यपुस्तकात टॉन्सिलच्या जुनाट दाहाविषयीचा भाग आहे. त्यात नाकामागील ॲडिनॉइड ग्रंथी वाढलेल्या मुलाचे चित्र येते. असे मूल तोंडाने श्वास घेते. रात्री त्याची झोप अस्वस्थ असते आणि श्वासाचा मोठा घरघराट होतो. मध्येच श्वास काही काळ थांबतो व मग खोल, आवाजी श्वास आत ओढला जातो. कधी ते धाप लागून जागे होते. दिवसा त्याचा चेहरा निस्तेज दिसतो आणि प्रश्नांना ते सावकाश उत्तर देते. श्वासाच्या सततच्या अडथळ्याने छातीचा आकार बिघडतो, हेही ऑस्लर यांनी नोंदवले. वाढलेल्या ग्रंथी काढून टाकणे हा उपाय त्यांनी सुचवला. झोपेत रक्तातील ऑक्सिजन मोजण्याची सोय नसलेल्या काळात हे सारे केवळ पाहून आणि ऐकून लिहिलेले आहे.

हा शोध त्यांच्या एकट्याचा नव्हता. कोपनहेगनचे विल्हेल्म मायर यांनी इ.स. १८६८मध्येच ॲडिनॉइडच्या वाढीचे परिणाम मांडले होते.

पाठ्यपुस्तकाच्या पुढील एका आवृत्तीत ऑस्लर यांनी अतिस्थूल तरुणांना येणाऱ्या अनावर झोपेची तुलना डिकन्सच्या पिकविक पेपर्समधील जो या जाड्या मुलाशी केली. हा ओझरता उल्लेख मूळ वर्णनापेक्षा अधिक गाजला. इ.स. १९५६मध्ये बर्वेल व सहकाऱ्यांनी स्थूलता आणि अपुऱ्या श्वसनाच्या विकाराला पिकविकचेच नाव दिले.

मुलांचे हृदय

ऑस्लर हे इ.स. १८८८मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन पीडियाट्रिक सोसायटीचे संस्थापक सदस्य होते. पुढे ते तिचे अध्यक्षही झाले. मुलांच्या हृदयाविषयी त्यांचा मुख्य अभ्यास कोरिया या विकारासंबंधी होता. संधिवाती ज्वराशी निगडित असलेल्या या विकारात हातपाय अनैच्छिकपणे हलतात. कोरिया बरा झालेल्या मुलांना काही वर्षांनी पुन्हा तपासून त्यांनी अनेकांच्या हृदयात कायमचा बिघाड शिल्लक असल्याचे दाखवले. आजार ओसरला म्हणजे हृदय सुटले असे नाही, ही गोष्ट त्यामुळे स्पष्ट झाली. याविषयीचा त्यांचा ग्रंथ इ.स. १८९४मध्ये निघाला.

उत्तरायुष्य

इ.स. १९०५मध्ये ते ऑक्सफर्डला रीजियस प्राध्यापक झाले. इ.स. १९११मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. त्यांचा पहिला मुलगा जन्मानंतर लगेचच वारला होता. दुसरा, रेव्हियर, पहिल्या महायुद्धात ऑगस्ट इ.स. १९१७मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. या आघातानंतर दोन वर्षांनी, फुप्फुसाच्या आजाराने ऑस्लर यांचे ऑक्सफर्ड येथे निधन झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह मॅकगिल विद्यापीठाला मिळाला.

नंतरचे संशोधन

झोपेतील श्वासाचा अडथळा आणि मुलांचे हृदय यांतील दुवा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठळक झाला. श्वास वारंवार अडला की रक्तातील ऑक्सिजन घटतो, फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूला अधिक दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. इ.स. १९६५मध्ये जॅकलिन नूनन यांनी वाढलेल्या टॉन्सिल व ॲडिनॉइडमुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होऊ लागलेल्या दोन मुलांची माहिती प्रसिद्ध केली. ग्रंथी काढल्यावर त्यांचे हृदय सुधारले. इ.स. १९७६मध्ये क्रिस्तियाँ गिलमिनो व सहकाऱ्यांनी रात्रभराच्या नोंदींच्या आधारे आठ मुलांमधील स्लीप ॲप्नियाचे वर्णन केले. घोरणे, दिवसाची झोप आणि शाळेतील पीछेहाट ही त्यांनी सांगितलेली लक्षणे ऑस्लर यांच्या वर्णनाशी जुळणारी आहेत.