आसगावचा नेव्हिल

फुटबॉलच्या जागतिक इतिहासात भारताचं नाव शोधायचं तर भिंग घ्यावं लागतं, असं आपण धरून चालतो. विश्वचषक आला की रात्र रात्र जागायचं, अर्जेंटिना किंवा ब्राझीलसाठी जीव टाकायचा, आणि सकाळी चहाबरोबर आपला देश तिथं का नाही याची हळहळ व्यक्त करायची, हा घराघरातला शिरस्ताच होऊन बसला आहे. पण ऑलिंपिकच्या नोंदींतलं १ डिसेंबर १९५६ चं पान उघडलं तर भिंगाची गरज पडत नाही. त्या दिवशी मेलबर्नमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं, आणि चारांपैकी तीन गोल एकाच माणसाचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. नाव नेव्हिल डिसोझा. गाव गोव्यातलं आसगाव.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी मसुऱ्याला येऊन राहिलो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेमुळे आमचा हा परिसर महाराष्ट्राला ठाऊक आहे. एरवी गड नदी, भरतगडाचा डोंगर आणि माडांची सावली एवढंच इथलं वैभव. पाऊस पडला की पोरं चिखलात फुटबॉल खेळतात. बहुतेकांच्या पाठीवर मेस्सी, उरलेल्यांच्या रोनाल्डो. मी त्यांना एकदा नेव्हिल डिसोझाबद्दल विचारलं, तर एकानेही ते नाव ऐकलेलं नव्हतं. दोष पोरांचा नाही; त्यांना सांगणार कोण? मेस्सीचं रोझारिओ पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला, ते त्यांना पाठ. बांदा मागे टाकून पत्रादेवीची हद्द ओलांडली की म्हापसा, आणि म्हापशाला लागून आसगाव. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचेल एवढ्यावर. ते मात्र कुणाच्या गावी नाही.

नेव्हिलचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ चा. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. त्याच्या जन्माच्या दोनच वर्षं आधी, जुलै १९३० मध्ये, दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशात पहिला विश्वचषक झाला होता. देशादेशांतल्या फुटबॉलची सुरुवात त्याहून बरीच जुनी. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातला पहिला सामना १८७२ सालचा, आणि फिफा ही जागतिक संघटना पॅरिसमध्ये स्थापन झाली ती १९०४ साली. मात्र सगळ्या जगाची अशी स्पर्धा नव्हती. जगज्जेता कोण, हे ठरायचं ते ऑलिंपिकमध्ये. १९२४ आणि १९२८ अशी दोन्ही सुवर्णपदकं उरुग्वेने नेली होती. पण ऑलिंपिक हौशी खेळाडूंचं. ज्यांचं पोट खेळावर चालतं त्यांना तिथं मज्जाव. म्हणून फिफाचे फ्रेंच अध्यक्ष ज्यूल रिमे यांनी वेगळी स्पर्धा उभी करायचा ध्यास घेतला. सोनेरी चषक सामानात घालून ते बोटीने उरुग्वेला गेले. तेरा संघ आले, त्यांत युरोपचे फक्त चार. यजमानांनी अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला हरवलं.

त्या वर्षापासून जगाच्या फुटबॉलची दोन खाती झाली, असं बँकेच्या भाषेत म्हणता येईल. एक जुनं, ऑलिंपिकचं. दुसरं नवं, विश्वचषकाचं. जगाने आपली सगळी उलाढाल हळूहळू नव्या खात्यात वळवली. आपण मात्र बराच काळ जुन्या खात्यातच व्यवहार करत राहिलो. नेव्हिलची गोष्ट समजून घ्यायची तर हे आधी ध्यानात ठेवायला हवं.

कोकणातला काय आणि गोव्यातला काय, हाताला काम हवं असलं की माणूस मुंबईची वाट धरायचा. आमच्या मालवणी चाकरमान्यांच्या गिरगाव-लालबागला गावकीच्या खोल्या, तसे गोवेकरांचे धोबीतलावाच्या आसपास गावोगावचे क्लब. दोघांचं जगणं सारखंच. फरक इतकाच की आमच्या खोलीत भजनाची पेटी असायची आणि त्यांच्याकडे व्हायोलिन व फुटबॉल. नेव्हिलने नाव कमावलं ते याच मुंबईत. कूपरेजचं मैदान, हार्वूड लीग, १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स चषक स्पर्धा, असं त्या शहराचं भरलेलं फुटबॉलविश्व होतं. संघ बहुतेक कंपन्यांचे. नेव्हिल टाटांच्या संघातून खेळला. आघाडीच्या फळीतला, गोलवर नजर असलेला खेळाडू. १९५४-५५ च्या हंगामात मुंबईने राष्ट्रीय अजिंक्यपदाची संतोष ट्रॉफी पहिल्यांदा जिंकली, त्या संघात तो होता. त्याचा भाऊ डेरेक हाही नावाजलेला फुटबॉलपटू.

कंपनीचा फुटबॉल म्हणजे काय, हे नव्या वाचकांना सांगायला हवं. खेळाडूला पगार मिळायचा तो नोकरीचा. खेळ त्याच्या जोडीला. मी मुंबईत बँकेत लागलो तेव्हाही खेळाडूंच्या जागा भरल्या जात. दुपारी ते सरावाला निघाले की मागे उरलेले सहकारी पुटपुटत, आणि संघ जिंकला की तेच पेढे वाटत. निवृत्तीपर्यंतची भाकर त्यात होती. शरीर आणि वेळ दोन्ही फक्त खेळाला देणारी युरोपातली व्यवस्था मात्र आपल्याकडे नव्हती. इथले सामनेसुद्धा सत्तर मिनिटांचे असत. जगात नव्वद मिनिटांचे.

भारतीय फुटबॉलची तोवरची वाटचाल चढउतारांची होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सशी २-१ असे हरलो, त्यात दोन पेनल्टी आपण दवडल्या. १९५० मध्ये ब्राझीलच्या विश्वचषकात जागा चालून आली, कारण गटातले इतर देश आधीच बाजूला झाले होते. तरी आपण गेलो नाही. अनवाणी खेळू देणार नाहीत म्हणून गेलो नाही, ही कथा रंजक आहे, पण तेवढ्यावर सगळं उलगडत नाही. लांबचा प्रवास, सरावाला अपुरा वेळ, संघनिवडीतले मतभेद ही कारणं होतीच. शिवाय आपल्या संघटनेला ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचं मोल वाटत नव्हतं. जुन्या खात्यावरचा हा विश्वास! १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धेत आपण सुवर्ण जिंकलं, आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुऊन काढलं. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

ही जखम घेऊन जो संघ १९५६ मध्ये मेलबर्नला गेला, त्याचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक. कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी, बरोबर पी. के. बॅनर्जी, तुळसीदास बलराम, कृष्णस्वामी, पीटर थंगराज असे मोहरे. मुंबईचा गोलरक्षक एस. एस. नारायणही होता. आणि नेव्हिल, वय चोवीस.

जग तेव्हा पेटलेलं होतं. हंगेरीतला उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला, सुएझ कालव्यावरून युद्ध झालं. निषेध म्हणून काही देशांनी ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. फुटबॉलला अवघे अकरा संघ उरले. भारताचा पहिला सामना हंगेरीशी होता. त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही आणि आपल्याला पुढे चाल मिळाली. विश्वचषकाचे जनक रिमे त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला वारले होते. त्यानंतर दीडच महिन्याने नेव्हिल मेलबर्नच्या मैदानात उतरला.

ऑस्ट्रेलियाविरुद्ध नवव्या मिनिटाला बद्रूचा फटका आडव्या दांडीवर आदळून परत आला, आणि नेव्हिलने तो डोक्याने आत घातला. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला उजवीकडून पी. के. बॅनर्जीने दिलेल्या चेंडूवर नेव्हिलचा दुसरा गोल. एकेचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा मॉरो, पुन्हा बरोबरी. मध्यंतरानंतर पाच मिनिटांत नेव्हिलचा तिसरा. आणि दहा मिनिटं उरली असताना कृष्णस्वामीने चौथा करून विषय संपवला. नेव्हिलचे तिन्ही गोल कोंडी फोडणारे होते. पहिल्याने भारत पुढे गेला, आणि पुढचे दोन्ही बरोबरी झालेली असताना झाले. जिंकलेल्या सामन्यात मागाहून घातलेली ती भर नव्हती.

४ डिसेंबरला उपांत्य फेरीत समोर कोण? तोच युगोस्लाव्हिया, हेलसिंकीला दहा गोल चढवणारा. मध्यंतराला फलक कोरा होता. बावन्नाव्या मिनिटाला गोल झाला, तो भारताचा, आणि करणारा नेव्हिल. त्या क्षणी भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात होता. जेमतेम दोन-तीन मिनिटंच. मग युगोस्लाव्हियाने बरोबरी केली, पाठोपाठ आघाडी घेतली, तिसरा गोल केला, आणि शेवटी एक चेंडू आपल्याच खेळाडूकडून आपल्या जाळ्यात गेला. ४-१. सत्तर मिनिटांच्या सवयीचे पाय नव्वद मिनिटांच्या खेळात कुठे जड होतात, हे ज्याने मैदानावर थोडंफार पळून पाहिलं आहे त्याला सांगायला नको. ७ डिसेंबरला कांस्यपदकासाठी बल्गेरियाशी ३-० अशी हार झाली. भारत चौथा.

नेव्हिलचे एकूण गोल चार. स्पर्धेत सर्वाधिक. या मानात युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह असे दोन वाटेकरी आहेत. त्या दोघांनीही आपल्या चारांपैकी एकेक गोल भारतावर केला, हा दैवाचा खेळ म्हणायचा. परतण्यापूर्वी सिडनीला ऑस्ट्रेलियाशी पुन्हा एक सामना झाला. पहिल्या पराभवाचं शल्य यजमानांना होतं. भारताने तो ७-१ असा जिंकला.

चौथा क्रमांक म्हणजे काय, असा प्रश्न कुणी विचारील. संघ अकराच होते, एक सामना न खेळता मिळाला, बडे व्यावसायिक खेळाडू तिथं नव्हतेच, हे सगळं खरं. हिशेब मांडताना नावे बाजू झाकू नये, ही आमच्या धंद्याची शिकवण. पण जमेलाही पाहावं. सुवर्ण जिंकणाऱ्या रशियाच्या गोलात लेव्ह याशिन उभा होता. ज्या युगोस्लाव्हियाला नेव्हिलने बावन्नाव्या मिनिटाला मागे टाकलं, त्याने त्या रशियाशी अंतिम सामन्यात फक्त एका गोलाने हार घेतली. पूर्व युरोपचे हौशी म्हणवणारे हे खेळाडू सरकारच्या खर्चाने बारमाही खेळत. कचेरी सांभाळून खेळणाऱ्यांनी त्यांना एका गोलाने मागे ढकललं, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे नेव्हिल कॅल्टेक्सकडूनही खेळला. १९५८ मध्ये रोव्हर्स चषक या तेलकंपनीच्या संघाने जिंकला. १९६२ मध्ये जाकार्ताला रहीमसाहेबांच्या हाताखाली भारताने पुन्हा आशियाई सुवर्ण मिळवलं, तोवर आघाडीवर नवी नावं आली होती. १९६१ पासून अर्जुन पुरस्कार सुरू झाला, पी. के. बॅनर्जी, बलराम या मेलबर्नच्या सोबत्यांना तो मिळाला. नेव्हिलच्या वाट्याला आला नाही. १७ मार्च १९८० रोजी तो गेला. वय सत्तेचाळीस. बँकेतला माणूस त्या वयात पदोन्नतीच्या मुलाखतीची तयारी करत असतो.

तो गेला, आणि त्याच्या भोवतीचं जगही एकेक करून गेलं. भारतातली कॅल्टेक्स १९७६ मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि दोन वर्षांनी हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. रोव्हर्स चषक नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला. ऑलिंपिकचा पुरुषांचा फुटबॉल १९९२ पासून मुख्यतः तेवीस वर्षांखालच्यांचा झाला. तेरा संघांनी सुरू झालेला विश्वचषक वाढत वाढत २०२६ साठी अठ्ठेचाळीस संघांचा केला गेला, तरी त्यात भारत नाही. १९६० च्या रोमनंतर ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्येही आपल्या पुरुषांचा संघ पुन्हा दिसलेला नाही.

बँकेत वर्षानुवर्षं व्यवहार न झालेलं खातं निष्क्रिय ठरतं. पण त्यातली रक्कम बुडत नाही. वारसाने कागद घेऊन यावं लागतं, एवढंच. नेव्हिलचे चार गोल असेच पडून आहेत. वारस थोडेफार जागे झाल्याची चिन्हंही दिसतात. वांद्र्याच्या एका फुटबॉल मैदानाला नेव्हिल डिसोझाचं नाव दिलं गेलं, आणि रहीमसाहेबांच्या जीवनावरचा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये आला, तेव्हा नव्या पिढीच्या कानावर ही नावं पडली. आमच्या भागात मात्र हे नाव अजून पोचायचं आहे. सिंधुदुर्गातल्या एखाद्या गावाने पावसाळी स्पर्धा भरवून तिला त्याचं नाव द्यावं, यासाठी मोठी देणगी लागत नाही. एक चषक, दोन गोलखांब आणि फलकावर चार ओळी पुरतात. बावन्नाव्या मिनिटानंतरच्या त्या दोन-तीन मिनिटांत भारत जिथं उभा होता, त्याच्या पुढे आपला फुटबॉल ऑलिंपिकमध्ये आजवर गेलेला नाही. आणि तिथं नेणारा पाय आपल्याच लाल मातीतला होता, एवढं त्या चार ओळींत असलं तरी पुष्कळ झालं.