गेऑर्ग फॉन राइसविट्झ

गेऑर्ग हाइनरिश रुडॉल्फ योहान फॉन राइसविट्झ (१७९४ – १८२७) हे प्रशियाच्या तोफखान्यातील अधिकारी व 'क्रीगश्पील' या युद्धखेळाचे रचनाकार होते. या जर्मन शब्दाचा अर्थ युद्धाचा खेळ असाच होतो. पटावरच्या लढाईत विजय कोणाचा हे ठरविण्याची त्यांनी घालून दिलेली रीत हीच त्यांची खरी कामगिरी होय.

पार्श्वभूमी

बुद्धिबळात राजावर मात झाली की डाव संपतो. किती प्यादी मारली गेली याला मग महत्त्व उरत नाही. ब्राउनश्वाइग येथील गणिताचे अध्यापक योहान हेलविग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळावरून रचलेल्या युद्धखेळात राजाची जागा किल्ल्याने घेतली. शत्रूचा किल्ला जिंकणारा पक्ष विजयी, असा त्याचा नियम होता. राइसविट्झ यांचे वडील गेऑर्ग लेओपोल्ड हे मुलकी अधिकारी होते. त्यांनी चौकटींचा पट सोडून दिला आणि डोंगर, नद्या, रस्ते दाखविणाऱ्या सुट्या फरशांचे मेज करवून १८१२ मध्ये राजे तिसरे फ्रीडरिश विल्हेल्म यांना अर्पण केले.

खेळाची रचना

वडिलांचा खेळ मुलाने बर्लिनमधील नोकरीच्या काळात नव्याने घडविला व १८२४ मध्ये त्याची नियमावली प्रसिद्ध केली. खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर चाले. प्रत्येक खेळी रणांगणावरील दोन मिनिटांची मानली जाई. दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाकडे देत. सोंगट्या तो हलवी आणि शत्रूच्या ज्या तुकड्या दिसणे शक्य असेल तेवढ्याच नकाशावर मांडी. गोळीबाराचे व हातघाईचे परिणाम खास फाशांनी ठरत. त्यांमागे शार्नहोर्स्ट यांनी बंदुका व तोफांच्या माऱ्याविषयी जमविलेली माहिती होती. त्यामुळे फासा हा निव्वळ नशिबाचा भाग नव्हता.

हानीची नोंद पंच काटेकोरपणे ठेवी, परंतु निकाल केवळ त्या बेरजेवर लागत नसे. आरंभी प्रत्येक पक्षाला परिस्थिती सांगून कामगिरी नेमून दिली जाई. एखादा पूल राखणे किंवा माघार घेणाऱ्या सैन्याला संरक्षण देणे अशा कामगिरीत अधिक माणसे गमावणारा पक्षही यशस्वी ठरू शके. बुद्धिबळाशी असलेले नाते येथे खऱ्या अर्थाने तुटले.

मान्यता व अखेर

राजपुत्र विल्हेल्म यांना खेळ आवडला. त्यांच्यामुळे तो सेनाप्रमुख कार्ल फॉन म्युफ्लिंग यांच्यापुढे मांडला गेला. प्रारंभी उदासीन असलेले म्युफ्लिंग डाव रंगत गेला तसे प्रभावित झाले आणि त्यांनी सैनिकी साप्ताहिकातून त्याची शिफारस केली. पलटणींना खेळाचे संच मिळू लागले.

रचनाकाराच्या वाट्याला मात्र हे सुख फार काळ आले नाही. १८२६ मध्ये बढतीबरोबर त्यांची बदली तोर्गाउ येथे झाली. राजधानीपासून दूर धाडले जाणे त्यांनी शिक्षाच मानली, आणि १८२७ मध्ये ब्रेस्लाउ येथे त्यांनी स्वतःवर गोळी झाडून जीवन संपविले. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम तेहतीस होते.

नंतरचा काळ

हेल्मुट फॉन मोल्टके यांनी सेनाप्रमुख या नात्याने खेळाला उत्तेजन दिले, आणि १८७०–७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सवर विजय मिळविल्यावर इतर देशांचे लक्ष त्याकडे वळले. १८७६ मध्ये युलिउस फॉन व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ यांनी कोष्टके व फासे बाजूला ठेवून निकाल अनुभवी पंचाच्या निर्णयावर सोपविला. विसाव्या शतकात घरोघरी खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत पंच नसल्यामुळे विजयाचे गुण पुन्हा नियमांतच नोंदवावे लागले.