खवल्यांवरून माशांचे वय वाचणारे योहान ह्योर्ट

झाडाच्या खोडाप्रमाणे अनेक माशांच्या खवल्यांवरही वर्षावर्षाची वर्तुळे असतात. योहान ह्योर्ट यांचा जन्म १८६९ साली नॉर्वेत झाला. वैद्यकीचे शिक्षण सोडून ते प्राणिशास्त्राकडे वळले. तेथील कोळ्यांना हेरिंग मासा कधी भरपूर मिळे, तर कधी जाळी रिकामी येत. मासे दुसरीकडे जातात, असा समज होता. ह्योर्ट व सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे हजारो खवले तपासले. एकट्या १९०४ साली जन्मलेली पिढीच पुढे अनेक वर्षे जाळी भरत होती! म्हणजे त्या वर्षी जास्त पिल्ले जगली होती. १९१४ साली त्यांनी हे मांडले. १९४८ साली त्यांचे निधन झाले. आजही अनेक देशांत किती मासे पकडावेत हे ठरवताना आधी त्यांचे वय पाहतात.